दहा सेकंद थांब

"ही ओळ कशाला?" नव्या साहेबांनी माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं.

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर बिलं निघायची, ती याच प्रोग्रॅममधून. प्रत्येक बिल छापण्याआधी त्यात एक हुकूम होता: दहा सेकंद थांब. आणि शेजारी टीप: काढू नये.

"काकांनी लिहिलीय," मी म्हणाले. आता हे काय उत्तर झालं! काका म्हणजे माझे सख्खे चुलते. हे काम मला त्यांनीच शिकवलं, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर मी बसले. ती ओळही मी प्रोग्रॅमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत डोळे मिटून उतरवत आले होते.

"उद्यापर्यंत कारण सांगा, नाहीतर काढून टाका. बाहेर रांग बघा जरा."

झालं! डोक्यात किडा वळवळायला लागला. संध्याकाळी तडक काकांचं घर गाठलं.

"काका, ती थांबायची ओळ कशासाठी हो?"

"काढलीस की काय?" त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. "अगं, तिच्यामुळेच तर माझं एकही बिल चुकलं नाही! माझ्या साहेबांनी घालायला सांगितली होती."

"का, ते नाही विचारलंत?"

"विचारलं की. म्हणाले, चालतंय ना? मग हात लावू नकोस."

मला हसू आलं, पण ते लगेच आवरलं. आपलं बिल कधी चुकलं नाही, एवढाच तर या माणसाचा अभिमान होता. त्यात त्या ओळीचा काहीच हात नव्हता, असं निघालं तर?

सकाळी ओळ काढली आणि जीव मुठीत धरून खिडकीपाशी उभी राहिले. पहिलं बिल सटकन बाहेर आलं. मग दुसरं. बेरजा बरोबर, नावं बरोबर. कधीकाळच्या एखाद्या धापा टाकणाऱ्या प्रिंटरला उसंत म्हणून घातली असेल ती ओळ, कोण जाणे.

मान वर केली, तर रांगेत काका! इस्त्रीचा शर्ट, हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी. त्यांचंही बिल क्षणात निघालं.

"काही बिघडलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काका."

"काहीच नाही?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी म्हणाले, "काहीच नाही."

काकांनी मागे वळून पाहिलं. एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यामागे एक बाई कडेवरचं तापलेलं पोर सावरत होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी यांना उगाच ताटकळत ठेवलं गं."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं?"

"तेच तर," ते म्हणाले. "या आजी, पुढे या."

आणि गोळ्यांची पिशवी छातीशी धरून ते घाईघाईने बाजूला झाले.