गोड बोलू नका

ती भित्री आहे, हे घरात कुणाला नव्याने सांगायला नको होतं. गॅस बंद केलाय का हे ती दोनदा बघायची, आणि दार ओढून घेतल्यावर कुलूप उघडून आणखी एकदा. नोकरी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत. कुठल्या गोळीने काय काय बिघडू शकतं ते तोंडपाठ, त्यामुळे लेकीला साधं पडसं झालं तरी हिच्या डोळ्यांपुढे औषधांच्या खोक्यांतल्या त्या बारीक अक्षरांच्या घड्या उलगडायला लागायच्या. नवरा तिला लाडाने भागूबाई म्हणायचा. सासूबाई लाडाशिवाय म्हणायच्या.

तर अशा या भागूबाईने घरी कुत्रा आणला, आणि तोही वासराएवढा.

खरं तर ती पिल्लू बघायला गेली होती. लेकीला सोबत हवी म्हणून. लेक चार वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. सोडून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या त्या केंद्रात पिल्लं जाळीवर उड्या मारत होती, बोटं चाटत होती. शेवटच्या जाळीत मात्र एक अवाढव्य करडा कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"तो नका बघू ताई," तिथली सांभाळणारी बाई म्हणाली. "दोनदा लोकांनी नेला, दोनदा आणून टाकला. चावत नाही हो, पण घाबरतो. आता परत आला तर कायमचा इथेच."

"कशाला घाबरतो?"

"कशाला नाही ते विचारा."

तिला वाटलं, कुणीतरी आपलीच ओळख करून देतंय. "हाच द्या," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

जिना बघताच कुत्र्याने पाय रोवले. शेवटी चादरीची झोळी करून नवऱ्याने आणि केंद्राच्या गाडीवाल्याने त्याला तिसऱ्या मजल्यावर चढवला. झोळीतून सुटला तो थेट गॅलरीतल्या वॉशिंग मशीनमागे. तिथून तो हलेना, म्हणून भिंगरीने त्याचं नाव डोंगर ठेवलं.

"दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही," नवरा कंबर चोळत म्हणाला.

मग सुरू झाली मनधरणी. तिने सगळं वाचून काढलं होतं. घाई करायची नाही, नजर भिडवायची नाही, आवाज मऊ ठेवायचा. दवाखान्यातून आली की ती फरशीवर पालथी पडायची, उकडलेलं अंडं पुढे धरायची आणि आवाजात साखर घोळायची, "ये रे माझ्या राजा, ये रे माझ्या शहाण्या बाळा." राजा आणखी मागे सरकायचा. इतका थरथरायचा की मशीनवरचा साबणाचा डबा वाजायचा.

सासूबाईंचा खाक्या वेगळा. त्या झाडू घेऊन गॅलरीत शिरायच्या आणि भांडीवाल्याशी घासाघीस करावी तशा आवाजात सुरू व्हायच्या, "सरक रे ढोल्या! आडवा पसरलाय, जसा काही जावईच घरचा." आणि ढोल्या पाय उचलून झाडूला वाट द्यायचा. सुनेने हे रोज पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं, कारण वाचलेल्यात असं कुठे नव्हतं.

जिना उतरत नाही म्हटल्यावर कुत्र्याचं सगळं गॅलरीतच. ती दिवसातून कितीदा गॅलरी धुवायची, आणि ते पाणी खालच्या दुसऱ्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर. काका एका संध्याकाळी वर आले ते ओला शर्ट झेंड्यासारखा धरूनच.

"हे बघ सूनबाई, या इमारतीत माणसं राहतात. रविवारपर्यंत ते जनावर स्वतःच्या पायांनी जिना उतरून बाहेर जायला शिकलं तर ठीक. नाहीतर मी त्या केंद्राची गाडी बोलावणार. बास!"

काका गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "पाठवून द्यायचा का गं? त्याचेही हाल, आपलेही."

"नाही."

"अगं, पण..."

"नाही म्हटलं ना."

शनिवारी भिंगरीचं नाक चोंदलं. औषधाच्या थेंबांची बाटली पाठीमागे लपवून ती लेकीच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं शोनं ते! इकडे ये बघू, आई एक गंमत देणार."

भिंगरी क्षणात पलंगाखाली. आणि त्याच क्षणी गॅलरीत साबणाचा डबा वाजला.

ती जागीच थांबली. पलंगाखालून आवाज आला, "आई, तू गोड बोलायला लागलीस ना, की मागे काहीतरी असतंच."

तिने बाटली टेबलावर ठेवली आणि केंद्रातल्या बाईला फोन लावला. "इंजेक्शन द्यायला याला कसं धरायचात?"

"प्रेमाने हो ताई! कधी आवाज चढवला नाही. ये बाळा, ये राजा म्हणायचं, जवळ आला की मागून फास टाकायचा."

"आणि एरवी?"

"एरवी काय, दिवसभर नुसता कालवा असतो इथे. त्यात कोण कुणाकडे बघतंय?"

म्हणजे कालव्यात त्याला कधी कुणी काही केलं नव्हतं. जे केलं ते गोड बोलून. आणि आपण इतके दिवस अंडं हातात धरून रोज त्याला फासाची आठवण करून देत होतो! तिला हसूही आलं आणि रडूही. मग ती पलंगाशी जाऊन रोखठोक म्हणाली, "नाकात थेंब घालायचेत. चरचरेल. बाहेर ये." भिंगरी कुरकुरत बाहेर आली.

रविवारी सकाळी गाडी खरंच आली. गाडीवाला पट्टा घेऊन खालच्या वळणावर उभा राहिला, त्याच्या पुढे सेक्रेटरीकाका, आणि मजल्यामजल्यावरून माना बाहेर. तिने दार सताड उघडलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, रोज बोलता तसंच बोला. आज कुणाची भीड नको."

"मला कधी होती?" सासूबाईंनी कचऱ्याची बादली उचलली. "चल रे ढोल्या. फुकट बसून खातोस, बादलीला सोबत तरी कर."

डोंगर मशीनमागून निघाला. बादलीचा वास घेत, पोट जमिनीला घासत, उंबऱ्यापर्यंत आला. पहिल्या पायरीवर त्याने एक पाय टेकवला, आणि नेमकी तेव्हाच सेक्रेटरीकाकांना माणुसकी आठवली. गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले आणि मधाळ आवाजात म्हणाले, "ये रे सोन्या, ये. घाबरू नकोस हं बाळा."

पाय मागे गेला. शेपूट पोटाखाली.

"काका, गोड बोलू नका!"

आवाज जिनाभर घुमला. तो आपलाच आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला.

"अगं, मी मदत..."

"मदत नको. भांडा! शर्टांचं भांडण अर्धवट राहिलंय ना?"

काका ताठ झाले. "राहिलंयच! पांढरेशुभ्र शर्ट होते माझे!"

"शुभ्र? काका, त्यांचा पिवळेपणा वरून दिसतो!"

"सूनबाई, तोंड सांभाळ!"

"आणि तुम्ही पहाटे नळ सोडून घसा खाकरता ते?" सासूबाईंनी उतरता उतरता तोफ डागली. "आमचा कोंबडा पाळायचा खर्च वाचला हो!"

जिन्यात हशा पिकला. काका हातवारे करत ओरडत होते, ती वरून त्याहून मोठ्याने उत्तरं देत होती, आणि या कालव्यात, कुणी आपल्याकडे बघत नाही अशी खात्री करून, डोंगर एक एक पायरी उतरत होता. वळण आलं. गाडीवाला शहाणा, भिंतीला चिकटून उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर डोंगर सेक्रेटरीकाकांच्या पायपुसण्यावर बसला. भिंतीकडे पाठ करून, तोंड माणसांकडे.

मजल्यामजल्यावरच्या माना आणखी बाहेर आल्या.

"एकच मजला उतरला," काका म्हणाले. "ठरलं होतं सबंध जिन्याचं."

"ठरवलं तुम्ही होतं, काका. त्याला कुणी विचारलं नव्हतं." ती खाली आली. एका हाताने कठडा घट्ट धरला होता, ते सगळ्यांना दिसत होतं, आणि दिसू दे, असं तिला आज पहिल्यांदा वाटलं. "उरलेला जिना तो उतरेल. उद्या, नाहीतर पुढच्या महिन्यात. आजपासून गॅलरी धुणार नाही, पुसून काढेन. तुमच्या दोरीवर थेंब पडायचा नाही. पण कुत्रा जाणार नाही. घाबरतो म्हणून तर मुळीच नाही. घाबरणाऱ्यांना हाकलायचं असेल, तर आधी मला हाकला."

गाडीवाल्याने पट्टा गुंडाळून खिशात घातला. "मग मी निघू ना ताई?"

"निघा."

काकांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वर कठड्याला टेकून उभा होता. "माझ्याकडे बघू नका काका," तो म्हणाला. "मलाही आज कळतंय, मी कुणाला भागूबाई म्हणत होतो ते."

"निदान माझ्या दारातून तरी उठवा त्याला! मी आत कसा जाऊ?"

"ओलांडून," सासूबाई बादली घेऊन परत येत म्हणाल्या.

ती पायपुसण्याशेजारच्या पायरीवर बसली. भिंगरी नाक ओढत येऊन तिच्या मांडीत शिरली. डोंगराने एक डोळा उघडून दोघींकडे पाहिलं. त्याला काहीतरी मऊ, लाडाचं बोलावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"बसलाय बघा," ती जिनाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जसा काही जावईच घरचा."