दोन खांबांमधला लाल पत्रा

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, मित्रांनो. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात एक धरण आहे. त्याच्या पायथ्याशी, नदीकाठी, दोन लोखंडी खांबांवर मला ठोकले आहे. मला थापा मारायची खोड आहे, हे आधीच कबूल करतो. शेवटची गोष्ट तेवढी थाप समजू नका.

झुलाल पेंटरने मला रंगवले, तेव्हा माझा लाल रंग इतका भडक होता की गावचा सांड नदीची वाट सोडून डोंगराला वळसा घालून जायचा. एकदा तर बिबट्या आला, मला खालपर्यंत वाचले आणि शेपूट घालून परत गेला. माझ्यावर वरच्या ओळींत स्वागत, बागेची वेळ, मनोऱ्याकडे जाणारी वाट. अगदी खाली पांढऱ्या ठळक अक्षरांत: 'पात्रातल्या खडकावर बसू नये. भोंगा वाजताच बाहेर यावे. पाणी सुटते.'

रखवालदार निंबा आबा रोज सकाळी माझ्यावर काठी वाजवत आणि विचारत, "जागा शे का रे?" मी टण्णकन ओ देत असे. आलेल्या प्रत्येकाला ते माझ्यापुढे उभे करून शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावत.

पुढे लोक माझ्याकडे पाठ करून फोटो काढू लागले. कोणी खिळ्याने नावे कोरली, कोणी क्लासची जाहिरात चिकटवली. माझे बोल्ट ढिले झाले. धरणाच्या भिंतीमागचे पाणी मात्र मला ऐकू येई. ते कधी झोपत नाही, मित्रांनो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी साक्रीहून प्रेमराज आला. सोबत बायको दिपमाला आणि म्हातारी आई सुंदरबाई. वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा आणला होता. पाणी घोट्याएवढेच होते. ते ओलांडून तिघांनी पात्रातल्या खडकावर चूल मांडली. वारा जाळ टिकू देईना. प्रेमराज परत काठावर आला, त्याने मला दोन हिसक्यांत उपटले आणि चुलीला आडोसा म्हणून उभे केले. अक्षरे जाळाकडे, पाठ वाऱ्याकडे.

सुंदरबाईला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "त्यावर काय लिखेल शे रे?"

"सरकारी काहीतरी शे, माय. कोण वाचस?"

लाल रंगाला फोड आले. वांग्यांचा वास सुटला. आणि भोंगा वाजला.

प्रेमराज कापसाच्या जिनिंग गिरणीत कामाला. तिथे दुपारी भोंगा होतो, तो जेवणाच्या सुट्टीचा. तो हसला. म्हणाला, "चला, सुट्टी झायी. पंगत मांडा."

दिपमालाने पत्रावळी मांडल्या. मी तोंड आगीत खुपसून उभा होतो. ओरडायला अक्षरेच उरली नव्हती.

गव्हासाठी पाणी सोडायचे होते. धरणाचे दार उचलले गेले. भिंतीच्या माथ्यावरून आबांनी सवयीने खाली पाहिले. उन्हात रोज चमकणारा मी दिसलो नाही. दोन उघडे खांब दिसले आणि खडकावर धूर. हातातला डबा टाकून ते पायऱ्यांवरून धावत सुटले.

आधी चूल विझली. मग पत्रावळी उठून तरंगत गेल्या. आबा काठावर पोचले तेव्हा पाणी कमरेला होते. त्यांनी काठी पुढे केली. तिला धरून दिपमाला निघाली, मग प्रेमराज. सुंदरबाईचे पाय उचलेनात. आबा आत उतरले, तिला काठाकडे लोटले आणि प्रेमराजने तिचा हात पकडला. त्याने वळून पाहिले, तेव्हा पाण्यावर नुसती काठी होती.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजने मला चिखलातून उकरले आणि पुन्हा खांबांवर ठोकले. रंग जळून गेला आहे. एक ओळही वाचता येत नाही. नवा फलक मंजूर आहे म्हणतात.

तोवर रविवारच्या पहिल्या एसटीने सुंदरबाई येते. काठाला लागलेल्या आबांच्या काठीने मला वाजवते. मग माझ्याखाली बसते, खडकाकडे निघालेल्या प्रत्येकाला अडवते आणि मला न वाचताच, गावकऱ्यांकडून ऐकून पाठ केलेली माझी शेवटची ओळ म्हणते. काही थांबतात. काही हसतात आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरतात.

मित्रांनो, ती फक्त रविवारी येते. इतर दिवशी तुम्ही आलात आणि दोन खांबांमध्ये कोरा, काळा पत्रा दिसला, तर त्यावर काय होते ते आता तुम्हाला ठाऊक आहे. कोणी खडकावर बसलेले दिसले, तर तेवढी ओळ म्हणा.