कुत्रा बसला तो गुन्हेगार

पोलीस ठाण्याच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. फर्निचरचं गोदाम जळून त्यात एक हमाल गेला होता आणि आग कुणी लावली, हे एक कुत्रा सांगत होता. कुत्र्याचं नाव न्यायमूर्ती. त्याचे मालक महाराज काठी आपटत सांगत होते, की न्यायमूर्ती घाम हुंगत नाही, थेट पाप हुंगतो; वकील नको, साक्षीदार नको, तारखा तर नकोतच. लोक माना डोलवत होते. तारखांना सगळेच कंटाळलेले असतात.

काल न्यायमूर्ती एका वेल्डरपुढे जाऊन बसला होता. वेल्डरचं गोदामाच्या मालकाशी भांडण झालेलं, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. आता तो कोठडीत होता, त्याची थोरली बहीण दाराशी रडत उभी होती आणि जमाव म्हणत होता, त्याला आमच्या ताब्यात द्या. साहेबसुद्धा महाराजांच्या भजनी लागलेले. फौजदारबाईंनी ठाण्याच्या दाराकडे पाहिलं. दार चार शिपायांच्या जिवावर टिकून होतं. ते तुटलं तर वेल्डर वाचणार नव्हता.

त्यांनी साहेबांकडे एकच मागणं मागितलं: सर्वांसमक्ष कुत्रा पुन्हा फिरवू द्या. महाराज आनंदाने तयार झाले.

बाईंना आपल्या ठाण्याची एक खोड ठाऊक होती. इथे संशय आधी चहावर बोलला जाई, मग कागदावर येई. काल तो चहा महाराजांनीही घेतला होता. म्हणून आज सकाळी बाईंनी हवालदारांच्या कानात मुद्दाम सोडलं, की वेल्डर उगाच अडकलाय, खरा संशय चौकड्याच्या शर्टवाल्यावर आहे, पण कुठे बोलू नका. हवालदारांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

रांग लागली. वेल्डर मध्ये, चौकड्याचा शर्ट टोकाला. काठी ठक ठक करत निघाली, कुत्रा तिच्या सोबतीने. वेल्डर मागे पडला. टोकाला काठी थांबली आणि न्यायमूर्ती बसला.

"हाच तो पापी," महाराज म्हणाले.

जमाव उसळला. एका दुकानदाराने त्या माणसाची कॉलर धरून हात उगारला. बाई मध्ये घुसल्या, आणि तो गुद्दा त्यांच्या खांद्यावर बसला.

"कुणाला मारताय ते आधी ऐका. हा आगीच्या बंबावरचा ड्रायव्हर आहे, मीच त्याला रांगेत उभं केलं. आग लागली तेव्हा हा पलीकडच्या गावात ड्यूटीवर होता. तिथून धावत आला आणि तुमची दुकानं वाचवली. आज डोक्यावर हेल्मेट नाही, म्हणून ओळखला नाहीत."

महाराज पुटपुटले, की पाप मागच्या जन्मीचंही असू शकतं. बाईंनी त्यांच्या हातून काठी काढून घेतली आणि वेल्डरच्या बहिणीला दिली.

"ताई, चाला. वाटेल तिथे थांबा."

बहीण निघाली. ठक ठक करत भावासमोरून गेली आणि थेट महाराजांपुढे थांबली. न्यायमूर्ती शहाण्यासारखा बसला. कुणीतरी हसलं.

"काठीचा आवाज थांबला की बसायचं, एवढंच त्याला शिकवलंय," बाई म्हणाल्या. "आणि कुठे थांबायचं, ते महाराजांना आमच्याच ठाण्यातून कळतं. काल तुम्ही पापाचा नाही, आमच्या चहाच्या गप्पांचा निकाल ऐकलात."

साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, "मग आग लावली कुणी?"

"माहीत नाही, साहेब. लावली की लागली, हेही अजून माहीत नाही. राख तपासायला पाठवली आहे, साक्षी घ्यायच्या आहेत. वेळ लागेल." मग त्या लोकांकडे वळल्या. "हमालाला न्याय मिळायलाच हवा. पण कुणी बोट दाखवलं की हात उचलण्याआधी एकदा तरी विचारा, कशावरून? काल एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा एक दिवस उशीर केला."

महाराजांना साहेब स्वतः आत घेऊन गेले. बहिणीने काठी भिंतीला टेकवली आणि भावाचा हात घट्ट धरला. दुकानदार ड्रायव्हरची कॉलर सरळ करायला गेला, तर तिचं बटण तुटलेलं. मान वर न करता तो खाली बसला आणि मातीत ते बटण शोधू लागला.