चार नंबरची गाय विकायची नाही

मी चार नंबरची गाय बोलतेय. शेतीच्या एका व्हिडिओ गेममधली. हसलात? हसा खुशाल. मी गवताची चव घेतलेली नाही, माझ्या अंगावर कधी माशी बसलेली नाही, माझं दूध कुणाच्या चहात पडलेलं नाही. हे सगळं मला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. तरी ऐका.

माझा जन्म म्हणजे एक बटण दाबणं. चार खेळाडूंनी मिळून एक शेत घेतलं होतं. आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून ते एकमेकांशी बोलत खेळायचे. त्यांनी गोठा बांधला, गाई घेतल्या, त्यात मी. तिघं मला नंबरानं ओळखत. चौथीनं नाव ठेवलं. पहिल्याच दिवशी मी फाटकात आडवी उभी राहिले आणि कुणाला आत जाऊ देईना, तेव्हा ती म्हणाली, "बाई गं, ही तर ढालगज आहे!"

त्या चौथीला सगळे बाईच म्हणायचे. एकतीस वर्षं ती चीजच्या कारखान्यात होती. दुधाला विरजण लावायचं, पिकत ठेवलेले चीजचे गोळे हुंगायचे आणि कुठला तयार झालाय, कुठला बिघडलाय ते सांगायचं, हे तिचं काम. मग एका तापात तिला वास येणं बंद झालं, ते कायमचंच. महिनाभर तिनं कुणाला सांगितलं नाही. पण एक नासका गोळा तिच्या हातून 'चांगला' म्हणून पुढे गेला, तेव्हा ती स्वतःहून साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाई घरी बसली.

तिची मुलगी नर्स आहे. आई दिवसभर नुसती बसून असते हे तिला बघवेना. हा गेम तिनंच आणून दिला. मला कसं ठाऊक? बाईच्या हेडफोनला माईक होता. घरातलं बोलणं गोठ्यापर्यंत यायचं.

"दोन मिनिटांत चीज तयार? हा काय चावटपणा आहे!" बाई पहिल्या दिवशी ओरडली होती. पण उठली नाही. आठवड्याभरानं मुलीला म्हणाली, "इथे कुणालाच वास येत नाही गं. इथे मी कुणापेक्षा कमी नाही."

या गेममध्ये गाई म्हाताऱ्या होतात. माझं दूध आटू लागलं. शेताचा कारभार एक खेळाडू बघायचा, त्याला मुकादम म्हणत. एका दुपारी तो म्हणाला, "चार नंबरची विकून टाकू. फुकट चारा खातेय."

"तिला नाव आहे," बाई म्हणाली.

"असेल हो. पण दूध आहे का? चला, मत घेऊ."

तिघं एकीकडे, बाई एकटी. मग बाईनं विचारलं, "टाळ्या वाजवणार का?"

"कसल्या टाळ्या?"

"म्हाताऱ्यांना घालवताना वाजवतात. पद्धत आहे."

मुकादमाला काही कळलं नाही. मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्याला शिंगं उगाच दिलेली नाहीत.

गेमचा एक नियम होता. भागीदारी सोडणाऱ्याला वाट्याचं एक यंत्र किंवा एक जनावर नेता येतं. ट्रॅक्टर होता, धार काढायचं मोठं यंत्र होतं. बाईनं मला नेलं. मुकादम हसून हसून खोकायला लागला.

आम्ही नकाशाच्या टोकाला आलो. एक खडकाळ तुकडा, एक पडकी खोली, खाली तळघर. बाईनं अर्ध्या दुधाचं दही लावून विकायला काढलं, तेवढ्यात माझ्या चाऱ्याचा खर्च सुटायचा. उरलेल्या अर्ध्याचं चीज. इतर खेळाडू चीज झालं की लगेच दुकानात टाकतात. बाईनं ते तळघरात फळीवर ठेवलं. रोज खाली जायची, एकेक गोळा उलटायची, मिठाच्या पाण्यानं पुसायची. गेममध्ये ती सोय होती, पण कंटाळवाणी म्हणून कुणी वापरत नसे.

अशाच एका दुपारी मुलगी कामावरून आली आणि किंचाळली, "आई! घरभर धूर झालाय! दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं!"

खिडक्या उघडल्याचा आवाज आला. मग रडवेला आवाज, "खोट्या दुधापायी घर जाळशील एक दिवस. उद्याच देऊन टाकते हा गेम."

बाई शांतपणे म्हणाली, "पातेलं जळलं ते मला वास येत नाही म्हणून. गाईला बोल लावू नकोस. चूक माझी. यापुढे गजर लावल्याशिवाय गॅस पेटवणार नाही, शब्द देते. पण ढालगजला मी टाकणार नाही. हे चीज पिकेपर्यंत तरी माझ्या हाताला काम राहू दे."

मग मुलीनं शेजारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "किती दिवस पिकायचं आहे अजून?"

"सात आठवडे."

सात आठवडे आम्ही तग धरला. दोनदा चारा संपला, माझ्या बरगड्या दिसायला लागल्या. बाईनं ताजं चीज विकलं असतं तर मी पोटभर खाल्लं असतं. पण खरं सांगते, तिनं विकलं असतं तर मीच तिला लाथ मारली असती. पहिला गोळा बाजारात गेला तेव्हा गेमनं त्याला सर्वांत वरची प्रत दिली. त्या नकाशावर ती आजवर कुणाला मिळाली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मुकादम फाटकाशी हजर. "बाई, केलंत कसं हे?"

"मत घे," बाई म्हणाली.

मुलगी शेजारी बसलेली होती. ती एवढ्या जोरात हसली की माझे कान वाजले.

"चुकलं आमचं," मुकादम म्हणाला. "शिकवा ना."

"गाय विकणाऱ्याला मी चीज शिकवत नाही. एक म्हातारी गाय घेऊन ये, मग बघू."

तो आला हो! रविवारी, एका हाडकुळ्या गाईला घेऊन. मी फाटकात आडवी होते. त्याला चांगला तासभर बाहेर ठेवला.

हल्ली बाई रोज येत नाही. घरच्या स्वयंपाकघरात खऱ्या दुधाचं चीज चालू झालंय. उलटणं, पुसणं बाईकडे, हुंगणं मुलीकडे. पहिले दोन गोळे नासले म्हणे, आणि त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. तिसरा फळीवर आहे. भांडण झालं त्या दिवशी माझी धार काढायची राहिली. मला राग आला नाही.

मी आता दिवसाला जेमतेम दोन लिटर देते. येणारे-जाणारे खेळाडू कुंपणाशी थांबतात आणि म्हणतात, "ही अजून इथेच?" उद्या गेमवाले नवी आवृत्ती काढतील, त्यात माझ्यासारख्यांना जागा नसेलही. नसू दे. दयामाया मागायला मी बोलले नाही. ज्याला मला हलवायचं असेल, त्यानं फाटकाशी यावं. मी पाय रोवून उभी आहे.