पितळी बटणांचा भाव

शिंप्याच्या तारखेवर विश्वास ठेवणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्मायचा होता. कपडे गुरुवारी मिळतील असं तो म्हणाला, की गिऱ्हाईक मनातल्या मनात पुढचा महिना धरायचं. अशा माणसाच्या शब्दावर सगळी गल्ली चहा प्यायची आणि दाढी करून घ्यायची, असं सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल. वाटू दे.

त्या वर्षी सुट्टे पैसे गायब झाले. मिळत नाहीत म्हणून जो तो दाबून बसला, आणि जो तो दाबून बसला म्हणून मिळेनात. एका सकाळी शिंप्यानं चहावाल्याची विजार आखूड करून दिली आणि परत द्यायला गल्ल्यात नुसता खडखडाट. त्यानं समोरच्या पुड्यातलं एक पितळी बटण उचललं, चहावाल्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, हे असू द्या, पुढच्या शिलाईत वळतं करतो.

बटण त्याचं नव्हतंच. आगीच्या बंबावरच्या साहेबांनी आपल्या गड्यांचे नवे कोट शिवायला टाकले होते आणि बटणंही तेच देऊन गेले होते, प्रत्येकावर ज्वाळेचा छाप. पण कोटांना अवकाश होता, आणि एका बटणानं काय होतंय? एकानं काही होत नाही, म्हणून तर माणूस दुसरं देतो.

चहावाल्यानं ते न्हाव्याला दिलं, न्हाव्यानं भाजीवालीला, आणि भाजीवालीला तर पडदे शिवायचेच होते. घ्यायला कुणी का कू केलं नाही. गाजराची पुंगी ती, चालली तर पैसा, नाहीतर बटण. बघता बघता बंबवाल्यांचा पुडा रिकामा झाला.

मग एक दिवस न्हाव्यानं चहाचे पैसे म्हणून शर्टाचं साधं प्लास्टिकचं बटण पुढं केलं. मागं गर्दी होती, चहावाल्यानं घेतलं. तिथंच माशी शिंकली. पैसा अंगावरच शिवलेला आहे म्हटल्यावर कोण सोडतो? लोकांनी आधी स्वतःचे शर्ट कातरले, मग नवऱ्यांचे, मग पाहुण्यांचे. एका घरात चोर शिरला, तो घड्याळ ठेवून कोटाची बटणं घेऊन गेला. जोराचा वारा आला की निम्मी गल्ली दोन्ही हातांनी विजारी धरून उभी. चहा सकाळी दोन बटणांना, दुपारी मूठभर बटणांना, आणि संध्याकाळी चहावाला मोजायच्या भानगडीत न पडता सरळ डब्यानं मापून घ्यायचा.

पितळी बटण मात्र कुणी हातचं सोडेना. द्यायचं ते प्लास्टिकचं, ठेवायचं ते पितळी. ती गेली उशांमध्ये, डब्यांच्या तळाशी, आणि तिथं पडल्या पडल्या त्यांचा भाव रोज चढत गेला.

शिंप्याकडे शिलाईपोटी येई ते सगळं प्लास्टिक. खण इतका भरला की उघडेना. आणि नेमका साहेबांचा निरोप आला, सोमवारी संचलन आहे, कोट लागतील. कोट जन्मात पहिल्यांदा वेळेवर शिवून खुंटीला लटकत होते, आणि बटण एकाला नाही. सरकारी माल परस्पर खर्च केला म्हणजे दुकानाला टाळं. शिंप्याला जेवण जाईना. शेवटी त्यानं बायकोपाशी तोंड उघडलं.

"मग विकत घ्या की, अहो," शिंपीण म्हणाली.

"कशानं घेऊ? एका पितळी बटणाला पोतंभर प्लास्टिक मागतात. मला हवीत असं कळलं तर दोन पोती मागतील."

"मग हवीत म्हणू नका. नकोत म्हणा."

ती उठली, चहावाल्याच्या बायकोकडे गेली, दार लोटून घेतलं आणि गळ्याची शपथ घालून सांगितलं, की घरातली म्हणून तुला सांगते, सोमवारपासून आमच्या दुकानात पितळी बटण चालणार नाही, फक्त प्लास्टिक. तिथून निघून ती दुकानाशी पोचायच्या आत गर्दी तिच्या पुढं जाऊन उभी होती.

लोक उशा उसवून आले होते. शिंपी चेहरा पाडून नको नको म्हणत होता, तसं त्याला घरातून बजावलंच होतं. आधी एका पितळी बटणाला वाटीभर प्लास्टिक, मग मूठभर, मग चिमूटभर.

चहावाला गयावया करत म्हणाला, "मास्तर, पहिलं बटण मीच घेतलं होतं तुमचं. माझी तेवढी घ्या, उपकार होतील."

"उपकार कसले," शिंपी म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एवढं प्लास्टिक शिंप्यानं मागंपुढं न बघता वाटलं, म्हणजे त्यालाच ते नकोय, हे आधी न्हाव्याच्या डोक्यात आलं. रविवारी चहावाल्यानंही डबा पालथा घातला. बटणं पुन्हा बटणं झाली, आणि शर्ट उघडे राहिले. ते लावून घ्यायला दुकानाशी रांग लागली, तेव्हा शिंपिणीनं दर सांगितला, आणि तो सुट्ट्या पैशांतच. कुठून कुठून निघाले सुट्टे, काहींना तर बुरशी आली होती.

इकडे शिंप्यानं कोटांना पितळी बटणं टाचली. एक कमी पडलं. खण पालथा केला, मशीन हलवलं, केर चाळला, पण नाही म्हणजे नाही. कमी पडलं ते नेमकं साहेबांच्या कोटाचं, गळ्याजवळचं.

सोमवारी साहेब आले. कोट चढवला, खालून वर एकेक बटण लावत गेले, आणि गळ्याशी बोटं रिकाम्या काजात अडली. त्यांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंप्यानं जमिनीकडे पाहिलं.

साहेबांनी विजारीच्या खिशात हात घातला, बराच वेळ घातलेलाच ठेवला. मग मूठ बाहेर काढून उघडली. ज्वाळेचा छाप.

"सलूनवाल्यानं दिलं होतं," साहेब म्हणाले. "म्हटलं, ठेवावं जरा. भाव वाढतोय."

शिंप्यानं सुई ओवली. साहेबांनी हनुवटी वर केली, शिंप्यानं गळ्याशी वाकून टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. दोघं एकमेकांच्या अगदी नाकाशी होते, पण कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

शिलाई साहेबांनी लगेच चुकती केली. सुट्ट्यांत.