धबधबा दाखवायला

मात्सुए कुदोनं आयुष्यात कधी पाहुण्याला 'नाही' म्हटलं नव्हतं. लग्न होऊन ती किरिनोसावा गावातल्या गरम कुंडांच्या त्या जुन्या अतिथिगृहात, रियोकानात, आली, तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की पाहुणा काय वाटेल ते मागो, आधी वाकून 'हो' म्हणायचं आणि मग आत जाऊन डोकं धरून बसायचं. सासू गेली, नवरा गेला, मात्सुएचे केस पांढरे झाले, पण शिकवण अंगात मुरली ती मुरलीच. गरम पाणी डोंगरातून येतं तसं तिच्या तोंडून 'हो' येई.

त्या वर्षी पानगळ संपत आली होती आणि वरच्या शिखरांवर पहिला बर्फ दिसायला लागला होता. दुपारी ओनोदेरा कुटुंब गाडीतून उतरलं. म्हातारा यासुकिची, त्याचा मुलगा नोबुहिदे आणि सून चिझुरू. यासुकिचीचा आवाज आधी आत आला, मग तो आला. उभा जन्म त्यानं बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात घालवला होता आणि ऐंशी ओलांडली तरी त्याला हळू बोलता येत नव्हतं. मासळीचा हंगाम संपला की बायकोला घेऊन तो दरवर्षी इथं यायचा. बायको गेल्यापासून येणं थांबलं होतं.

मात्सुए दारात गुडघ्यांवर बसून वाकली, तेव्हा तो म्हणाला, "अजून तशीच वाकतेस की! मला वाटलं, कंबर गेली असेल एव्हाना."

"तुमची वाट बघत होते, म्हणून राखून ठेवली," मात्सुए म्हणाली. म्हातारा इतका खूश झाला की बूट काढतानाही हसत होता.

सून सासऱ्याला खोलीत घेऊन गेली. मुलगा मागे राहिला. नोबुहिदे पन्नाशीचा, बँकेतला माणूस. बोलणं इतकं मऊ की ऐकायला पुढं झुकावं लागे. मालकीणबाई, एक विनंती आहे, असं म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"बाबांना उद्या सकाळी खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात सोडायचंय. सगळं ठरलंय, सामानसुद्धा पोचलंय. फक्त त्यांना माहीत नाही."

मात्सुएला वाटलं, त्याला वाट विचारायची असेल. ती सांगायला लागली, तर त्यानं हात वर केला.

"मी नेलं तर ते गाडीतून उतरणारच नाहीत. तुमच्या गाडीतून, तुमच्या शेजारी बसून आनंदानं जातील. आम्ही पाहुण्यांना धबधबा दाखवायला नेतो, असं सांगा. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

"आणि तुम्ही दोघं?"

"आमचं दोन दिवसांचं बुकिंग आहे," नोबुहिदे म्हणाला.

मात्सुए वाकली आणि 'हो' म्हणाली. मग आत स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जाऊन बसली. चहा द्यायला ती वर गेली, तेव्हा सुनेनं दारातच ट्रे हातातून घेतला. चिझुरूच्या उजव्या भुवईवर एक जुना व्रण होता, केस त्यावर ओढून घेतलेले. मालकिणीची नजर तिथं गेल्याचं तिला कळलं. सुपाचा वाडगा, बाबांनी फेकलेला, ती हळूच म्हणाली, सूप गार होतं म्हणून. आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी बापलेक मोठ्या कुंडावर गेले. दुधासारखं पांढरं पाणी, त्यावर वाफ, आणि गंधकाचा तो वास जो आठवडाभर अंगातून जात नाही. सेंदाईचे तिघे निवृत्त शिक्षक आधीच गळ्यापर्यंत बुडून बसले होते. यासुकिची बाहेर लाकडी चौरंगावर बसला आणि नोबुहिदे त्याची पाठ चोळू लागला. म्हाताऱ्याला ऐकणारे मिळाले होते.

"हा माझा मुलगा," तो शिक्षकांना म्हणाला. "बँकेत असतो. हात बघा याचे, बाईसारखे. माशाचा खवला कधी लागला नाही त्यांना." मग तो आठवणीत शिरला. "सात वर्षांचा होता. याच कुंडात पाय घालायला तयार नाही. भोकाड पसरलंय. मी मानगुटीला धरला आणि गळ्यापर्यंत बुडवला. म्हटलं, रडणं थांबलं की सोडतो. आणि हा थांबतोय कुठं! शेवटी काढला तेव्हा उकडलेल्या ऑक्टोपससारखा लालबुंद. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही."

शिक्षक सभ्यपणे हसले. एकानं विषय बदलायला बर्फाचं काहीतरी काढलं. पण म्हातारा थांबला नाही. मुलगा पुढं पोहायला शिकला नाही, बोटीवर ओकला, शाळेत मार खाऊन आला आणि घरी आल्यावर त्यावर आणखी एक खाल्ला, सगळं त्यानं लिलावाच्या चढत्या आवाजात सांगितलं. नोबुहिदे पाठ चोळत राहिला. एका लयीत, वरून खाली.

"बाबा, डोळे मिटा, साबण जाईल," तो एवढंच म्हणाला आणि बादलीतलं पाणी सावकाश, अगदी जपून त्याच्या खांद्यांवर ओतलं.

रात्रीचं जेवण खोलीतच होतं. यासुकिचीनं मुद्दाम मालकिणीला बोलावून घेतलं, तिच्या हातून साके ओतून घेतली आणि पुढच्या पानगळीला हीच खोली ठेवायला सांगितली. बायकोच्या वेळची खोली, खिडकीतून नदी दिसते ती. नक्की ठेवते, मात्सुए म्हणाली. नोबुहिदे मान खाली घालून माशाचे काटे काढत होता. काढलेला मासा त्यानं वडिलांच्या ताटलीत ठेवला.

सकाळी म्हातारा सगळ्यांच्या आधी तयार. चांगला कोट, टाय, दाढी गुळगुळीत. धबधब्यासाठी टाय कशाला, असं चिझुरूनं विचारलं, तर म्हणाला, मालकीणबाई स्वतः येतायत, मग काय बनियनवर जाऊ? सुनेनं त्याचा मफलर नीट गुंडाळला, कोटाचं वरचं बटण लावलं. सावकाश या बाबा, ती म्हणाली. नोबुहिदेनं आपला कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला.

"खालून फोटो घ्या, चांगला येतो. आम्ही मागून येतोच आमच्या गाडीनं."

"पट्टा नीट लाव," बाप म्हणाला. "एक काम धड येईल तर शप्पथ."

रियोकानची गाडी निघाली. मात्सुए आपल्या निळ्या किमोनोत मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली होती. यासुकिची पूर्ण वाट बोलत होता. बायको या वळणावर नेहमी गाडी लागते म्हणायची, तिच्यासाठी संत्र्याची सालं बरोबर ठेवावी लागायची. मुलाबद्दल म्हणाला, मेणाचा आहे, आईवर गेलाय, माझ्यामागं त्याचं काय होणार कोण जाणे. मग पूल आला आणि गाडी उजवीकडे वळली.

"धबधबा डावीकडे आहे," तो म्हणाला.

"तिकडचा रस्ता खचलाय. दुसऱ्या बाजूनं जायचं," मात्सुए म्हणाली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आपलं आपण, सहज तोंडून आलं आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

आश्रमाची इमारत नवी होती. दारात तिघंजण गुलाबी ॲप्रन घालून उभे होते आणि गाडी थांबताच वाकले. यासुकिचीला वाटलं, वाटेत चहाला थांबवलंय. त्यानंही मान लववली, आत गेला, उंबऱ्याशी बसून बूट काढले. बूट ठेवायला फळी शोधताना त्याला आपलं नाव दिसलं. कप्प्यावर पट्टी चिकटवलेली, ठळक अक्षरांत, खाली घरात घालायच्या नव्या सपाता. त्याच्याच मापाच्या.

तो बराच वेळ वाचत राहिला. नाव मोठं नव्हतं, तरी वाचत राहिला.

"नोबुहिदे मागून येतोय म्हणाला," अखेर तो म्हणाला.

"नाही येत ते," मात्सुए म्हणाली.

"काय करतोय मग?"

"कुंडात असतील या वेळेला."

ॲप्रनमधली एक मुलगी पुढं झाली, ओनोदेरासान, आपली खोली बघू या, म्हणाली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मात्सुएची बाही धरली आणि बंदराच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जायचं तो आवाज एकाएकी इतका खाली आला की तिला वाकून ऐकावा लागला.

"मला परत न्या. त्याला कळू देऊ नका. मी मागच्या बाजूला राहीन, तुमचे नोकर राहतात तिथं. मासे साफ करीन. मालकीणबाई, मला मासे साफ करता येतात."

ॲप्रनवाली मंडळी मदतीला सरकली. मात्सुएनं मानेनंच नको म्हटलं. आपल्या बाहीवरची त्याची बोटं तिनं स्वतःच सोडवली, एकेक करून, किमोनोची शिवण उसवू नये इतक्या जपून. मग ती दोन पावलं मागं सरून वाकली.

"आपण इथं अगदी निवांत व्हा," ती म्हणाली. वर्षानुवर्षं प्रत्येक पाहुण्याला खोलीत सोडताना म्हणायचं तेच वाक्य.

ती परतली तेव्हा नोबुहिदे अंघोळ आटोपून, सुती युकाता घालून, नदीकडच्या व्हरांड्यात बियर घेत बसला होता. चिझुरू पर्सिमॉन सोलत होती. मात्सुएनं सांगितलं, पोचवलं.

"रडले का?"

"नाही."

"काही बोलले?"

तिला खोटं बोलता आलं असतं. सकाळपासून तेच तर चाललं होतं. पण पाहुण्यानं विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं. परत न्या म्हणाले. नोकरांच्या खोलीत राहतो म्हणाले, मासे साफ करतो म्हणाले.

नोबुहिदेनं डोळे मिटले. गळ्यापर्यंत गरम पाण्यात उतरल्यावर माणूस मिटतो तसे.

"पुन्हा सांगा," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. "कसं म्हणाले ते. त्यांच्याच शब्दांत."

मात्सुएनं पुन्हा सांगितलं. चिझुरूची सुरी सालीवर थांबली होती. ती नवऱ्याकडे अशी बघत होती की जणू इतकी वर्षं आपण नेमक्या कोणत्या घरात राहिलो ते तिला आत्ता कळत होतं. मग तिनं केस भुवईवर नीट ओढून घेतले आणि फोडी करायला घेतल्या.

संध्याकाळी स्वयंपाक्यानं विचारलं, तिसऱ्या ताटाचं काय करायचं. मात्सुएनं वर जाऊन विचारलं. वाया कशाला घालवायचं, आणा, नोबुहिदे म्हणाला, आणि वडिलांच्या वाटचा खेकडासुद्धा त्यानं सावकाश, पाय न् पाय फोडून खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली. मात्सुए फाटकात वाकून उभी होती. गाडी वळणाआड गेल्यावर ती आत आली आणि अशुभ धुऊन काढायला टाकतात तसं मूठभर मीठ आणून दारात फेकलं. दुपारी नवे पाहुणे यायचे होते.

बर्फ पडायला लागला. ऐन थंडीत आश्रमातून फोन आला. ओनोदेरासान आल्यापासून कुणाला अंघोळ घालू देत नाहीत. हात लावला की मारतात, एकाचा चष्मा फोडला. ओल्या फडक्यानं पुसून किती दिवस काढायचे? मुलगा फोन उचलत नाही. ते म्हणतात, त्या रियोकानच्या बाईला बोलवा.

मात्सुए गेली. बाह्या दोरीनं मागं बांधल्या, किमोनो गुडघ्याशी खोचला आणि त्या पांढऱ्या टाइल्सच्या, औषधाचा वास येणाऱ्या न्हाणीघरात त्याच्या मागं बसली. म्हातारा निम्मा झाला होता. पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा दिसत होता. ती चोळत राहिली, मळ निघत राहिला. पाणी कोमट आहे, तो एकदा म्हणाला. इथं एवढंच गरम देतात, ती म्हणाली.

मग बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "तो आला होता का पुन्हा? तुमच्याकडं?"

"नव्या वर्षाला आले होते."

"इथनं जवळच आहे तसं." त्यानं ओला हात तोंडावरून फिरवला. "एकटाच?"

"नाही. बँकेतले मित्र होते बरोबर."

"दुःखी दिसत होता का?"

मात्सुएचा हात थांबला. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं, आणि समोरच्याला हवं ते देण्यात तिचा जन्म गेला होता. पण त्या न्हाणीघरात, गुडघे दुखत असताना, हातात त्याच्या अंगाचा मळ असताना, तिला एकाएकी आता दोघांसाठीही काही रचायचा कंटाळा आला.

"नाही," ती म्हणाली. "हसत होते. खूप."

तिनं त्याच्या पाठीवर पाणी ओतलं, अंग पुसलं, कपडे चढवले आणि त्याला खोलीत पोचवलं. पुन्हा या असं तो म्हणाला नाही आणि ती गेलीही नाही.

त्या दिवसानंतर यासुकिचीनं कुणाला हात उगारला नाही. खुर्चीत बसवतील तसा बसे, पाण्यात सोडतील तसा सोडू देई, डोळे मिट म्हटलं की मिटे. किती सुधारले, असं ॲप्रनमधली ती मुलगी फोनवर मात्सुएला आनंदानं सांगत होती. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळून नदी फुगली, तेव्हा तो गेला. अस्थी न्यायला चिझुरू एकटी आली होती.