चार ओळींचं वाक्य

साप्ताहिकाच्या उपसंपादकाला सगळे कात्री म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. कुणाचं कितीही पाल्हाळ असो, कात्री ते चार ओळींत बसवायचा. कामावरच्या मृत्यूंसाठी तर त्याचं वाक्य तयारच असे: 'माळ्यावरून तोल जाऊन पडल्याने कामगाराचा मृत्यू.' वर तारीख घातली, खाली पोलीस तपास जोडला, की हा चहाला मोकळा.

सोमवारी एक बाई कार्यालयात आली. रंगाच्या कारखान्यात मागच्या आठवड्यात गेलेल्या कामगाराची थोरली बहीण. तिने अंक टेबलावर ठेवला. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"तोल गेला, हे कोणी पाहिलं?"

"पोलिसांनी सांगितलं तसं छापलं, ताई."

"आई विचारते, तो पिऊन गेला होता का. माझा भाऊ थेंबाला शिवत नव्हता. पण छापलेलं खोटं कसं असेल, म्हणते. आता तुम्हीच सांगा तिला."

कात्री ओशाळला. आम्ही सगळ्यांचंच असं लिहितो, यात अपमान नाही, हे दाखवायला त्याने जुन्या अंकांच्या फायली काढल्या. चार वर्षांपूर्वीचा एक मृत्यू सापडला. सात वर्षांपूर्वीचा आणखी एक. वाक्य तेच आणि कारखानाही तोच. तिन्ही वेळा त्यानेच लिहिलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

मग तो आठवडाभर पायपीट करत राहिला. आधी गेलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी त्याच्या तोंडावर दार लागलं, ते त्याला रास्तच वाटलं. दुसऱ्याच्या घरी त्याची बायको म्हणाली, "हे रोज त्या कठड्याच्या नावाने ओरडायचे." शेवटी जेवणाच्या सुट्टीत एका हमालाने त्याला गुपचूप माळ्यावर नेलं. पोती वर ओढायची त्या जागी कठडा दोन हात कापून टाकलेला होता. खाली सरळ फरशी.

"पोत्यांना आडवा येत होता," हमाल म्हणाला. "साखळी लावणार होते. तो पोरगा पूर्ण शुद्धीत होता, मी बघितलं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कोणी?"

संपादकांनी मजकूर हातात तोलून पाहिला. "अख्खं पान?"

"दोन," कात्री म्हणाला. सुरुवात त्याने आपल्याच वाक्याने केली होती आणि ते कसं चुकीचं होतं, ते पुढे लिहिलं होतं.

अंक निघाला तसा तो स्वतः त्या बाईच्या घरी, तिच्या आईकडे गेला. म्हातारीला वाचता येत होतं, पण डोळे सुजले होते, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. तुमचा मुलगा शुद्धीत होता, हे त्याने दोनदा वाचलं. बहीण भिंतीला टेकून रडू लागली. म्हातारीने मान डोलावली आणि म्हणाली, "तो पहिला माणूस कधी पडला, ते परत वाच बाबा."

"सात वर्षांपूर्वी."

म्हातारीने बोटांवर हिशेब केला. "तेव्हा माझा मुलगा तिथं कामाला लागलाही नव्हता," ती म्हणाली.

कात्रीने अंकाची घडी घातली.